तयार मॉडेल इंजिनाचे घरी रूपांतर: आधी चाल, मग वीज, शेवटी रंग

भारतीय इंजिनांची तयार मॉडेले मोजकीच निघतात. त्यामुळे इटारसी-नागपूर-बल्लारशाह मार्गावर मालगाडी ओढणारे नागपूरच्या अजनी शेडचे डब्ल्यूएजी-९ हे विजेचे इंजिन किंवा मोतीबागेच्या नॅरोगेजवरचे डिझेल इंजिन आपल्या टेबलावर धावावे अशी ज्याची इच्छा असते, त्याला बहुधा परदेशी रेल्वेचे तयार मॉडेल घेऊन त्यात घरीच बदल करावे लागतात. हे काम अवघड नाही, पण त्यातला क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, कारण डोळ्यांना फरक तिथेच लगेच दिसतो. मग डिकोडर (कंट्रोलरच्या आज्ञा ओळखून इंजिन चालवणारे छोटे सर्किट) बसवण्यासाठी बॉडी पुन्हा उघडावी लागते, बोटांच्या दाबाने रंग खरवडतो, आणि शेवटी लक्षात येते की इंजिन अडखळण्याचे कारण एक तडकलेला गिअर होता. म्हणून या लेखाचे सूत्र एकच आहे: जे इंजिन साध्या डीसी विजेवर संथ आणि सलग चालत नाही त्यात डिकोडर बसवू नये, आणि ज्याची वायरिंग तपासून झालेली नाही त्याला रंग देऊ नये.

इंजिन निवडताना

एचओ मापात मूळ वस्तूचा ८७ वा भाग घेतला जातो आणि रुळांमधले अंतर १६.५ मिमी असते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी आहे. त्याला ८७ ने भागले तर १९.२६ मिमी येतात, म्हणजे एचओच्या रुळावर आपले ब्रॉडगेज इंजिन पावणेतीन मिलिमीटरने अरुंद उभे राहते. हा फरक मिटवायचा तर आस, गिअर, रूळ आणि सांधे सगळेच नव्याने करावे लागेल. माझ्या मते या वाटेला जाऊ नये. बाजूने पाहताना हा अरुंदपणा जाणवत नाही, आणि वाचलेले श्रम बॉडीचे प्रमाण अचूक साधण्यात घातले तर मॉडेल कितीतरी खरे दिसते.

नॅरोगेजचे गणित मात्र आपल्या बाजूने आहे, आणि नागपूरकरांनी त्याचा लाभ जरूर घ्यावा. बंगाल नागपूर रेल्वेने उभारलेल्या सातपुड्याच्या नॅरोगेज जाळ्याचा गेज ७६२ मिमी होता. ८७ ने भागल्यावर ८.७६ मिमी मिळतात, आणि एन मापाचे रूळ असतात ९ मिमीचे. म्हणजे १:१६० मापातल्या तयार इंजिनाचा सांगाडा जसाच्या तसा वापरून त्यावर १:८७ मापाची बॉडी बांधली, तर फरक उरतो जेमतेम पाव मिलिमीटर. सांगाड्याची चाके मूळ इंजिनाच्या मानाने थोडी लहान पडू शकतात, पण बोगीच्या (इंजिनाखालच्या, चाके बसवलेल्या फिरत्या गाड्याच्या) बाजूची चौकट नवी करून बसवली की ते झाकले जाते. या वाटेवर मोटर, गिअर आणि वीज घेण्याची व्यवस्था तयार मिळते आणि आपल्याला फक्त रूप घडवायचे असते. पहिल्याच रूपांतरासाठी मी हाच प्रकार सुचवीन.

मोतीबागेत २००२ मध्ये सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय हे या कामाचे माहेरघर आहे. तिथे जाताना एक मीटर लांबीची, दर दहा सेंटिमीटरला काळी-पांढरी रंगवलेली काठी सोबत न्यावी, आणि परवानगी घेऊन ती इंजिनाला किंवा डब्याला टेकवून फोटो काढावेत. फोटो बाजूने काटकोनात आणि शक्य तितके लांब उभे राहून काढले, तर नंतर त्या काठीच्या आधाराने खिडकी, दार, पायरी, हातदांडा यांची मापे घरबसल्या काढता येतात. जवळून काढलेल्या फोटोत कडा फुगलेल्या दिसतात आणि मापे फसतात.

ब्रॉडगेजचे इंजिन करायचे असेल तर दुकानात जाण्यापूर्वी कागदावर मापे मांडावीत. डब्ल्यूएजी-९ ची लांबी बफरसकट २०,५६२ मिमी आहे, म्हणजे एचओमध्ये सुमारे २३६ मिमी. दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधले अंतर १२,००० मिमी, म्हणजे १३८ मिमी, आणि एका बोगीतल्या पहिल्या व तिसऱ्या आसांमधले अंतर ३,७०० मिमी, म्हणजे साडेबेचाळीस मिमी. यातले बोगीचे माप सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बॉडी आपण कितीही लांब-रुंद करू शकतो आणि बोगींमधले अंतरही सांगाडा कापून किंवा वाढवून जुळवता येते, पण गिअर बसवलेली बोगी घरी लांब किंवा आखूड करता येत नाही. सहा आसांचे जे इंजिन या मापाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे असेल ते घ्यावे.

जुने, वापरलेले मॉडेल स्वस्त मिळते म्हणून घेत असाल तर बॉडी उघडून आतला धातूचा सांगाडा पाहण्याचा आग्रह धरावा. जस्ताच्या मिश्रधातूत ओतकामाच्या वेळी अशुद्धी राहिली असेल, तर वर्षानुवर्षांनी तो फुगतो, वाकतो आणि त्याला भेगा पडतात. त्यावर उपाय नाही. अशा इंजिनात एक रुपयाही घालू नये.

चाल सुधारणे

नव्या इंजिनाला आधी कोणतेही डबे न जोडता मध्यम वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवावे. गिअरांचे दात एकमेकांत बसतात, मोटरचे ब्रश कॉम्युटेटरवर (ब्रशकडून वीज घेणाऱ्या फिरत्या भागावर) नीट टेकतात, आणि कारखान्याने घातलेले ग्रीस सगळीकडे पसरते. त्यानंतरच दोष शोधायला बसावे.

बॉडी काढताना घाई करू नये. ती कुठे स्क्रूने, कुठे डबे जोडणाऱ्या कपलरच्या डबीच्या आधाराने, तर कुठे आतल्या बाजूच्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी अडकवलेली असते. खुंट्यांचा प्रकार असेल तर जुन्या सिमकार्डाचे प्लास्टिक चार ठिकाणी सरकवून बॉडी हलकेच फाकवावी. लोखंडी स्क्रूड्रायव्हर खुपसला की कडेला कायमचा व्रण पडतो. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा आणि निघालेले स्क्रू बर्फाच्या ट्रेच्या खणांत क्रमाने ठेवावेत. दिसायला सारखे वाटणारे स्क्रू बरेचदा वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो थेट गिअरला टेकतो.

आता इंजिनाचे ऐकावे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा उचकी बसत असेल तर आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकला आहे किंवा एखाद्या दातात कचरा अडकला आहे असे समजावे. तडकलेला गिअर चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये, बदलावा. सलग कर्कश आवाज येत असेल तर मोटरपासून बोगीपर्यंत जाणारा दांडा सरळ रेषेत नाही किंवा वर्मच्या (मोटरची फिरकी गिअरांकडे पोचवणाऱ्या आट्यांच्या दांड्याच्या) बेअरिंगला तेल नाही. इंजिन बदकासारखे डुलत असेल तर एखादे चाक आसावर तिरके बसले आहे. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजावे. एचओमध्ये ते साधारण १४.४ मिमी असते आणि प्रत्येक आसावर तीन ठिकाणी मोजल्यावर सारखेच यायला हवे. सांध्यावर गाडी घसरण्याची निम्मी कारणे या एका मापात सापडतात, म्हणून रुळांना दोष देण्याआधी कॅलिपर हातात घ्यावा.

जुने, घट्ट झालेले ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावे. अ‍ॅसिटोन किंवा रंगाचा थिनर प्लास्टिकजवळ आणूही नये, कारण त्याने ते विरघळते. तेल आणि ग्रीस प्लास्टिकला अपाय न करणारे, तसा स्पष्ट उल्लेख असलेलेच वापरावे. मोटरच्या आणि वर्मच्या बेअरिंगला सुईच्या टोकावरून एकेक थेंब, गिअरांना अगदी पातळ ग्रीस, आणि कॉम्युटेटरला काहीही नाही, हे प्रमाण कायम ठेवावे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा तेल पातळ होऊन आतल्या आत सरकते आणि कॉम्युटेटरपर्यंत पोचते. तिथे ते कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा लगदा होतो आणि मोटर गरम होऊ लागते. थंड प्रदेशातल्या माहितीपत्रकात दोन थेंब लिहिले असतील तर आपण एकावर थांबावे.

यानंतरचा भाग सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत फलदायी आहे: वीज घेणारी चाके वाढवणे. अनेक जुन्या मॉडेलांत एका बोगीची चाके डाव्या रुळाची आणि दुसऱ्या बोगीची चाके उजव्या रुळाची वीज घेतात. सांध्यावरच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर एक बोगी आली की इंजिन थांबते. अशा बोगीच्या खाली तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाची पातळ पट्टी चिकटवावी, तिच्यावर ०.३ मिमी जाडीच्या फॉस्फर ब्राँझ तारेचे तुकडे सोल्डर करावेत, आणि त्यांची टोके चाकांच्या आतल्या बाजूला हलकेच टेकतील अशी वाकवावीत. दाब इतकाच असावा की तार चाकाला लागली हे दिसावे, पण बोट लावून चाक फिरवताना ते जाणवू नये. दाब जास्त झाला तर तीच तार ब्रेकसारखे काम करते. रबरी पट्टी चढवलेली चाके वीज घेत नाहीत, त्यामुळे शक्य असेल तिथे त्यांच्या जागी पूर्ण धातूची चाके घालावीत आणि कमी झालेली पकड वजनाने भरून काढावी.

वजनासाठी शिसे सहज मिळते. टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगसाठी वापरतात त्या चिकटपट्टीच्या शिशाच्या तुकड्यांनी काम भागते, मात्र हल्ली तेच तुकडे लोखंडाचेही येतात, म्हणून चुंबक लावून पाहावे. शिसे पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवू नये. त्या गोंदाशी शिशाची रासायनिक क्रिया होते, ते हळूहळू फुगते आणि काही वर्षांत बॉडी फाकवते. दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद वापरावा. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. वजन किती घालायचे याची कसोटी साधी आहे: इंजिनाला पूर्ण १२ व्होल्ट देऊन हाताने अडवले असता चाके रुळावर घसरत फिरत राहिली पाहिजेत. चाके न घसरता मोटरच थांबली तर वजन जास्त झाले, ते लगेच कमी करावे, नाहीतर चढावर लांब गाडी ओढताना मोटर जळेल.

वीज: डिकोडर, दिवे आणि साठा

साध्या डीसी पद्धतीत रुळावरचा व्होल्टेज बदलून वेग बदलतो आणि रुळावरची सगळी इंजिने एकाच वेळी त्याच आज्ञेने चालतात. डीसीसी पद्धतीत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतो, त्यातूनच अंकीय संदेश जातात, आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या पत्त्याचा संदेश ओळखून मोटर आणि दिवे चालवतो. एनएमआरए या अमेरिकी संस्थेने या पद्धतीची मानके ठरवल्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालतो.

अलीकडच्या तयार इंजिनात बहुधा सॉकेट असते. आठ पिनांचे, एकवीस पिनांचे, प्लक्स-२२ किंवा लहान इंजिनांसाठी सहा पिनांचे आणि नेक्स्ट-१८ असे त्याचे प्रकार आहेत. जुळणारा डिकोडर घेऊन लावला की काम झाले, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. फक्त आठ पिनांच्या सॉकेटमध्ये एक क्रमांकाच्या पिनची खूण पाहून, म्हणजे जिकडे नारिंगी वायर येते ती बाजू जुळवून लावावे. उलटे लागले तर मोटर चालते पण दिवे लागत नाहीत.

सॉकेट नसलेल्या इंजिनात खरे काम असते. पहिली चाचणी मोटर किती प्रवाह खेचते याची. मल्टीमीटर अँपिअरवर ठेवून तो कंट्रोलर आणि रूळ यांच्यामध्ये जोडावा, १२ व्होल्ट द्यावेत, आणि मोटरच्या दांड्यावरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, बोटाने क्षणभर अडवून आकडा वाचावा. एचओसाठीचे बहुतेक डिकोडर सलग एक अँपिअरच्या आसपास झेपवतात. आकडा त्याहून जास्त आला तर मोटर साफ करून पुन्हा मोजावा, आणि तरीही कमी होत नसेल तर मोटर बदलणे हाच मार्ग आहे. त्या मापाची पाच ध्रुवांची नवी मोटर कमी प्रवाहात जास्त संथ चालते, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

दुसरी चाचणी मोटर पूर्णपणे अलग आहे की नाही याची, आणि ती कोणत्याही सबबीवर टाळू नये. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा एका रुळाला जोडलेला असतो. डीसीवर हे चालते. डीसीसीमध्ये रुळाची वीज डिकोडरच्या मोटरकडच्या वायरमध्ये शिरते आणि डिकोडर क्षणात निकामी होतो. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही ब्रश आणि सांगाडा, तसेच दोन्ही ब्रश आणि सगळी चाके, असे एकेक तपासावे. कुठेही बीप वाजता कामा नये. वाजला तर ब्रशची पत्ती कापून किंवा मोटरखाली प्लास्टिकचा पातळ पत्रा घालून आणि धातूच्या स्क्रूऐवजी नायलॉनचा स्क्रू वापरून मोटर वेगळी करावी, आणि पुन्हा तपासावे. मोटरच्या दोन टोकांमध्ये रेडिओचा खरखराट थांबवण्यासाठी लावलेला छोटा कपॅसिटर असेल तर तोही काढावा, कारण त्यामुळे मोटरचा वेग मोजणाऱ्या डिकोडरांची गल्लत होते.

वायरींचे रंग ठरलेले आहेत. लाल वायर उजव्या रुळाकडून आणि काळी डाव्या रुळाकडून येते, नारिंगी आणि करडी मोटरकडे जाते, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन वायर असते. हिरवी आणि जांभळी जादा कामांसाठी मोकळ्या असतात. सोल्डरिंगसाठी २५ वॅटची, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न आणि आत रोझिन असलेली ६०-४० ची तार पुरते. दोन्ही टोकांना आधी सोल्डरचा पातळ थर द्यावा, मग ती जुळवून सेकंद-दोन सेकंदच उष्णता द्यावी. जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. काळी चिकटपट्टी वापरू नये, कारण आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होतो, पट्टी सरकते आणि उघडे पडलेले जोड एकमेकांना टेकतात. हे सगळे साहित्य नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीत) इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत मिळते, त्यासाठी परदेशातून काही मागवण्याची गरज नाही.

डिकोडरला चहूबाजूंनी गुंडाळू नये. त्याला हवा लागली पाहिजे. खोलीचेच तापमान चाळीसच्या वर असताना बंद बॉडीतला डिकोडर लवकर तापतो आणि उष्णतेपासून बचाव म्हणून स्वतःला बंद करून घेतो. तो धातूच्या सांगाड्यावर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपच्या एका थरावर ठेवावा, म्हणजे विजेपासून अलगही राहतो आणि त्याची उष्णता सांगाड्यात उतरते.

दिव्यांसाठी जुने बल्ब काढून उबदार पांढरे एलईडी लावावेत. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोधक हवा. डिकोडर सुमारे १४ व्होल्ट देतो आणि पांढरा एलईडी त्यातले ३ व्होल्ट घेतो. उरलेल्या ११ व्होल्टांसाठी १ किलोओहमचा रोधक लावला तर ११ मिलिअँपिअर वाहतात आणि दिवा डोळ्यांत खुपतो. ४.७ किलोओहम लावला तर सव्वादोन-अडीच मिलिअँपिअरमध्ये खऱ्या इंजिनासारखा शांत प्रकाश मिळतो. भारतीय इंजिनाच्या पुढच्या बाजूला असणारा पिवळा फ्लॅशर वेगळ्या बटणावर जोडावा आणि एरवी बंद ठेवावा. तो समोरून येणाऱ्या गाडीला धोक्याची सूचना देण्यासाठी असतो. नेहमीच्या धावेत तो लुकलुकत राहिलेला जाणकाराला पटकन खटकतो.

धुळीमुळे वीज क्षणभर तुटली तरी इंजिन थांबू नये यासाठी कपॅसिटरचा साठा जोडता येतो. डिकोडरच्या निळ्या वायरला साठ्याचे धन टोक आणि डिकोडरच्या ऋण बिंदूला ऋण टोक जोडावे. मध्ये १०० ओहमचा रोधक भरण्यासाठी आणि त्याला समांतर एक डायोड रिकामे होण्यासाठी लावावा. कपॅसिटर २५ व्होल्टांचाच घ्यावा. सोळा व्होल्टांचा लहान मिळतो म्हणून मोह होतो, पण रुळावरचा व्होल्टेज त्याच्या मर्यादेला टेकतो. धन-ऋण उलटे झाले तर कपॅसिटर फुटतो, म्हणून जोडण्याआधी त्यावरची पट्टी दोनदा पाहावी. वीज घेणारी चाके आधी वाढवली असतील तर मोठ्या इंजिनात या साठ्याची गरज बरेचदा पडतच नाही.

पहिली वीज नेहमी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरच्या सेटिंग वाचण्या-लिहिण्याच्या वेगळ्या रुळावर, द्यावी. तिथे प्रवाह मर्यादित असतो, त्यामुळे चूक राहिली असली तरी डिकोडर वाचतो. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. डिकोडरमधल्या प्रत्येक सेटिंगला सीव्ही म्हणतात आणि तिला क्रमांक असतो; पत्त्याचा सीव्ही १ वाचून बघावा. इंजिनाने बारीकसा झटका दिला आणि आकडा ३ आला तर वायरिंग बरोबर आहे, कारण डिकोडर आपले उत्तर मोटरला झटका देऊनच कळवतो. भारतीय इंजिनांचे क्रमांक पाच आकडी असतात. त्यातले शेवटचे चार आकडे पत्ता म्हणून घेणे सोयीचे पडते. बहुतेक कंट्रोलर हा लांब पत्ता स्वतःच लिहितात, पण हाताने लिहायचा असेल तर १२३४ चे उदाहरण घ्या: २५६ ने भागल्यावर भागाकार ४ आणि बाकी २१० येते, म्हणून सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ४, म्हणजे १९६ आणि सीव्ही १८ मध्ये २१० लिहावेत, आणि सीव्ही २९ मध्ये ३४. त्यानंतर सीव्ही २ हळूहळू वाढवत न्यावा, वेगाच्या पहिल्या पायरीवर इंजिन जेमतेम सरकू लागले की थांबावे.

कमाल वेग सीव्ही ५ ने बांधावा, आणि तो घड्याळ लावून बांधावा. मालगाडीचा ताशी १०० किमी वेग एचओमध्ये सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर होतो, म्हणजे रुळावर आखलेले एक मीटर अंतर इंजिनाने साधारण तीन सेकंदांत कापावे. यार्डातला ताशी २० किमीचा वेग असेल तर त्याच मीटरला पावणेसोळा सेकंद लागावेत. तयार इंजिने पूर्ण विजेवर बरेचदा याच्या कितीतरी पुढे धावतात. वेग बसल्यावर सीव्ही ३ आणि ४ वाढवून सुरुवात व थांबणे सावकाश करावे. हजारो टनांची गाडी ओढणारे इंजिन जागच्या जागी झटक्याने सुटले तर बाकीची सगळी मेहनत फिकी वाटते.

बॉडी आणि रंग

नवी बॉडी बांधायची असो किंवा जुनीच बदलायची असो, पॉलिस्टायरीनचे पत्रे हे त्याचे मुख्य साहित्य. भिंतींना १ मिमी आणि वरच्या तपशिलांना ०.५ मिमी पुरते. धारदार ब्लेडने एकच खोल चीर न देता तीन-चार हलक्या रेघा माराव्यात आणि मग पत्रा वाकवून मोडावा, कड सरळ निघते. फटी भरायला मॉडेलचा पुट्टी नसेल तर एम-सील चालते, मात्र ते पूर्ण कडक झाल्यावर पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने घासावे. विजेच्या इंजिनाचे रूप छतावर ठरते. पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारे उघडझाप होणारे सांगाडे) तयार विकत घ्यावेत, पण इन्सुलेटर, त्यांना जोडणारे दांडे आणि हॉर्न यांची जागा फोटोवरूनच ठरवावी. आपल्याकडे वरच्या ब्रिजवरून इंजिने पाहायला मिळतात, त्यामुळे ते फोटो मिळवणे अवघड नाही. पुढे-मागे नकल कपलर लावावेत, पण बाजूचे बफर काढू नयेत. आपल्या इंजिनांवर दोन्ही असतात.

रंग कधी द्यायचा हे नागपुरात ऋतूवर ठरते. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत स्प्रेमधून निघालेला थेंब बॉडीपर्यंत पोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग रेतीसारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यामुळे लॅकरच्या रंगावर पांढुरकी झाक येते. कूलर सुरू असलेल्या खोलीतही तोच ओलावा असतो, शिवाय वाऱ्याने धूळ येऊन बसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी ऊन वर आल्यावरची वेळ सर्वांत चांगली. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल तर पहाटे, अ‍ॅक्रिलिक रंगात सुकणे लांबवणारे द्रव्य मिसळून करावे.

बॉडी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, नंतर बोट न लावता करड्या प्रायमरचा पातळ हात द्यावा. प्रायमर खरे परीक्षण करतो, त्यात प्रत्येक फट आणि ओरखडा उघडा पडतो, म्हणून या टप्प्यावर मागे जाऊन दुरुस्ती करायला संकोच करू नये. फिकट रंग आधी, गडद नंतर. एअरब्रश असेल तर १५ ते २० पीएसआय दाब आणि १० ते १५ सेंमी अंतर ठेवून दोन-तीन पातळ हात द्यावेत. दोन रंगांच्या सीमेवर मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग हलका मारावा, म्हणजे टेपखालच्या बारीक फटी त्याच रंगाने बुजतात आणि वरचा रंग आत झिरपत नाही.

अक्षरांसाठी पाण्यात सुटणारा डिकल कागद घेऊन लेझर प्रिंटरवर छापावे. इंकजेटची शाई पाण्यात पसरते. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पांढरी अक्षरे हवी असतील तर पांढऱ्या पाठीचा कागद घेऊन भोवतालचा भाग बॉडीच्या रंगात छापावा लागतो आणि तो रंग जुळवण्यात एक-दोन कागद जातातच. डिकल नेहमी चकचकीत वार्निशवर लावावेत, कारण मॅट पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. बाजूवरचे «अजनी» हे नाव देवनागरीत छापताना खऱ्या फोटोतल्या अक्षराचे वळण पाहून फाँट निवडावा. संगणकावर जो सहज मिळतो तो क्वचितच जुळतो.

सगळ्यावर मॅट वार्निशचा हात दिल्यावर शेवटचे काम मळवण्याचे. बोगींवर ब्रेकच्या घासण्याने बसणारी तपकिरी गंजधूळ, छतावर पँटोग्राफभोवती काळपट झाक, आणि कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या इंजिनाच्या खालच्या भागावर वणी-चंद्रपूरकडची काळी भुकटी, इतके पुरे. भुकटी कोरड्या ब्रशने वरून खाली ओढावी, कारण खऱ्या इंजिनावर पाऊस तसाच ओघळतो. तयार इंजिन आणि सुटे भाग उन्हाळ्यात माळ्यावर किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नयेत. तिथल्या उष्णतेने पातळ बॉडी वाकते आणि दुहेरी चिकटपट्टीने लावलेला डिकोडर सुटून आत लोंबकळू लागतो. खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकून कपाटाच्या खालच्या खणात ठेवावे, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालवण्याआधी चाके अल्कोहोलने पुसून घ्यावीत.